झाकणाखाली अडलेली उष्णता

मे महिन्यातली दुपार होती. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला एका मित्राच्या घरी त्याच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून आम्ही दोघं बसलो होतो. तो लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. लग्नसराईत त्याच्या मशीनला उसंत नसते. एक लग्न रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवायला, लावलं की दुसऱ्याचं फुटेज दारात उभं. पत्र्याची खोली, खिडकीत डेझर्ट कूलर, बाहेर ४३ अंश. रेंडर सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांत प्रोसेसरचं तापमान १०० अंशाला टेकायचं आणि त्याचा वेग आपोआप खाली यायचा. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की जीव वाचवायला स्वतःच हळू होतात. मशीन बंद पडत नाही, पण काम लांबत जातं.

मित्राने त्याच्या परीने सगळं केलं होतं. प्रोसेसरवरचा साधा कूलर काढून मोठा, दोन पंख्यांचा बसवला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती थर्मल पेस्ट दोनदा बदलली. फरक नाही. कूलरच्या पत्र्यांना हात लावून तो म्हणाला, "दादा, हे बगा की. स्क्रीनवर शंभर दाखवायलंय आन् हे तर कोमटच लागायलंय. कामून?"

प्रश्न अगदी नेमका होता. चूल भडकलेली आहे आणि वरचं भांडं मात्र कोमट, तर मधे काहीतरी आलेलं असणार. त्याच्या प्रोसेसरमध्ये, कोअर आय७-८७००के मध्ये, ते जे मधे आलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. ते झाकणाखाली असतं. ते झाकण उघडायच्या कामाला डीलिडिंग म्हणतात. ते कशासाठी करतात, कधी करावं आणि बहुतेक वेळा का करू नये, हे त्या दुपारी मी त्याला सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आपण हातात धरतो तो चौकोनी, चांदीसारखा चमकणारा तुकडा म्हणजे खरा प्रोसेसर नव्हे. तो चमकणारा भाग तांब्याचा आहे, वर निकेलचा मुलामा दिलेला. त्याला हीट स्प्रेडर म्हणतात. त्याखाली हिरव्या पातळ पट्टीवर सिलिकॉनची एक चकती चिकटवलेली असते, साधारण करंगळीच्या नखाएवढी. तिला डाय म्हणतात. सगळं गणित तिथे चालतं आणि सगळी उष्णताही तिथेच तयार होते. डाय आणि झाकण यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक पातळ थर असतो. काही प्रोसेसरमध्ये तो धातूचा, म्हणजे सोल्डरचा असतो, काहींमध्ये पेस्टचा. झाकणाच्या कडा काळ्या सिलिकॉन डिंकाने हिरव्या पट्टीला चिकटवलेल्या असतात. मग झाकणावर आपण लावतो ती पेस्ट, आणि तिच्यावर कूलर. थोडक्यात, पेस्ट दोन ठिकाणी असते. बाहेरची आपल्या हातात, आतली कारखान्यातून आलेली. मित्राने दोनदा बदलली ती बाहेरची.

झाकण मुळात आलं कशाला, हेही सांगायला हवं, कारण ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे प्रोसेसर जास्त वेगाने पळवणाऱ्यांच्या, बोलण्यात ते बिचारं शत्रू ठरतं. २००० सालच्या आसपास इंटेलचे कॉपरमाइन पिढीचे पेन्टियम-३ आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचे अ‍ॅथलॉन यायचे, त्यांना झाकण नव्हतं. उघड्या डायवर थेट कूलर बसवायचा. कूलर जरा तिरपा दाबला गेला की सिलिकॉनचा कोपरा टवका उडाल्यासारखा तुटायचा आणि प्रोसेसर गेला. सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ असतं. ज्यांनी त्या काळात मशीन जोडल्या त्यांना कूलरची क्लिप लावताना हात कसे थरथरायचे ते आठवत असेल. झाकणाने हा धोका संपवला. शिवाय नखाएवढ्या जागेतली उष्णता ते मोठ्या जागेवर पसरवतं. नखाएवढ्या जागेत किती उष्णता असते? १२० वॅट आणि दीड चौरस सेंटीमीटर धरा. एका चौरस सेंटीमीटरला ८० वॅट झाले. घरातली २००० वॅटची इंडक्शन शेगडी २० सेंटीमीटर व्यासाच्या तव्याला चौरस सेंटीमीटरमागे साडेसहा वॅटच्या आत देते. म्हणजे भाकरीच्या तव्याच्या बारापट दाट उष्णता त्या नखावर आहे आणि तिथे शंभरच्या खाली राहायचं आहे.

आता "उष्णता अडते" म्हणजे नेमकं काय होतं? ती थांबून राहत नाही. १२० वॅट तयार झाले तर १२० वॅट बाहेर जाणारच. प्रश्न इतकाच की त्यासाठी आतल्या बाजूला किती तापावं लागतं. विहिरीवरच्या मोटरीचा पाइप आतून गाळाने अरुंद झाला, तर तेवढंच पाणी वर काढायला मोटरीला जास्त जोर लावावा लागतो. इथे जोर म्हणजे तापमानातला फरक. वाटेतला प्रत्येक थर आपापला फरक मागतो आणि हे सगळे फरक एकावर एक चढत जातात.

मित्राच्या मशीनचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे. खोलीत डेझर्ट कूलर चालू असताना ३६ अंश. कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून सहाने गरम, म्हणजे ४२. मोठा कूलर १२० वॅट हवेत सोडायला १४ अंश मागतो; कूलरचा तळ ५६ वर आला, वरचे पत्रे त्याहून कमी, म्हणून हाताला कोमट. बाहेरची पेस्ट आणि तांब्याचं झाकण मिळून ८ अंश, ६४ झाले. आतली पेस्ट २० अंश, ८४. उरलेले १४ अंश सिलिकॉनमधून आणि डायवर जिथे काम जास्त चालतं त्या ठिपक्यांवर, ९८. एखाद्या कोअरवर, म्हणजे डायवरच्या स्वतंत्र काम करणाऱ्या एका भागावर, भार जरा वाढला की शंभर.

ही चढण नीट पाहिली की दिसतं, सगळ्यांत उंच पायरी आतल्या पेस्टची आहे. याहूनही मोठा कूलर घेतला तर १४ चे १० होतील. बाहेरची पेस्ट कितीही भारी आणली तरी ८ मधले एक-दोन सुटतील. त्या २० ला बाहेरून हातच लागत नाही.

ते २० आले कुठून, तेही करून पाहता येतं. एखादा पदार्थ उष्णता किती सहज जाऊ देतो याचा आकडा असतो, उष्णतावाहकता. तांब्याचा साधारण ४००. सिलिकॉनचा १५० च्या आसपास. सोल्डरसाठी वापरतात त्या इंडियम धातूचा ८० च्या थोडा वर. पेस्टचा मात्र ४ धरू, चांगली असली तर ८. आणि हवेचा ०.०२६. पेस्ट तांब्याच्या मानाने अगदीच सुमार आहे, तरी ती लावायची कारण ती नसली तर तिच्या जागी हवा येते. भाकरी तव्यावर टाकताना खाली हवेचा फुगा राहिला की तेवढी जागा कच्ची राहते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पेस्टचं काम फक्त तो फुगा भरून काढणं.

थराने मागितलेला फरक काढायचा तर थराची जाडी घ्यायची, वाहकतेने आणि क्षेत्रफळाने भागायची आणि वॅटने गुणायची. डाय १५० चौरस मिलिमीटर, पेस्टचा थर ०.१ मिलिमीटर, वाहकता ४, उष्णता १२० वॅट. उत्तर येतं २० अंश. कागदाच्या एका पानाएवढा जाड थर आणि २० अंश.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुष्कळांचा गैरसमज इथेच होतो. कंपनीने हलकी पेस्ट वापरली म्हणून हे होतं, असं सरसकट म्हटलं जातं. पण सूत्रात वाहकतेइतकीच जाडीही आहे. आतला थर जाड राहतो तो मुख्यतः त्या काळ्या डिंकामुळे. डिंक कडांवर वाळताना झाकणाला किंचित उचलून धरतो आणि डाय व झाकण यांच्यात गरजेपेक्षा जास्त फट राहते. ती फट पेस्टने भरलेली असते. म्हणून डीलिडिंगमध्ये जुना डिंक खरवडून काढणं हे नवीन पेस्ट घालण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. घाईत डिंक तसाच ठेवून फक्त आतला माल बदलणाऱ्याला अर्धाच फायदा होतो आणि मग तो म्हणतो, एवढं काही जमलं नाही.

ही भानगड सुरू झाली २०१२ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच्या सँडी ब्रिज पिढीत इंटेल डाय आणि झाकण इंडियमच्या सोल्डरने जोडत असे. आयव्ही ब्रिजमध्ये सोल्डर गेलं, पेस्ट आली. नवा प्रोसेसर लहान आणि कमी वीज खाणारा, तरी ओव्हरक्लॉक केला की जुन्यापेक्षा जास्त तापतो, हे पाहून लोकांनी झाकणं उघडायला सुरुवात केली. पुढे हॅसवेल, स्कायलेक, कॅबी लेक, २०१७ चा कॉफी लेक, म्हणजे आपला ८७००के, सगळे पेस्टचे. २०१८ मध्ये कोअर आय९-९९००के पासून इंटेलने वरच्या मॉडेलांमध्ये पुन्हा सोल्डर आणलं. एएमडीच्या रायझनमध्ये पहिल्यापासून बहुतेक ठिकाणी सोल्डरच आहे. २४००जी सारखे काही ग्राफिक्सवाले अपवाद. पेस्ट का निवडली असेल? सोल्डर महाग पडतं, डायवर आधी सोन्यासारख्या धातूंचे पातळ थर चढवावे लागतात, आणि लहान डायवर वर्षानुवर्षं तापण्या-निवण्याने सोल्डरला भेगा पडू शकतात. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ही कारणं खोटी नाहीत. नेहमीच्या वेगाने, थंड खोलीत चालणाऱ्या मशीनला पेस्ट पुरते. आपली खोली थंड नाही, इतकाच फरक.

ओव्हरक्लॉकिंगचा यात कुठे संबंध येतो? प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलमध्ये त्यासाठी नावापुढे के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. वेग वाढवला की एका टप्प्यानंतर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.२ गिगाहर्ट्झवरून ५ वर नेलं आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं, तर वेग वाढला १९ टक्के. उष्णता? १.१९ गुणिले १.२७, म्हणजे दीडपट. १२० वॅटचे १८० झाले. वरच्या हिशेबातली प्रत्येक पायरी दीडपट उंच झाली, आतल्या पेस्टची २० ची ३०. त्यावर आणखी एक: चिप जितकी गरम तितकी तिच्यातून वीज जास्त झिरपते, आणि झिरपलेली वीज पुन्हा उष्णताच होते. म्हणून आतली पायरी खाली आणली की दुहेरी लाभ होतो. पण डीलिडिंगने चिप मुळातून चांगली होत नाही. जी चिप जास्त व्होल्टेज देऊनही ५ ला स्थिर राहत नाही, ती थंड केल्यावर लगेच राहीलच असं नाही. झाकण काढून जागा मिळते, ताकद मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम.

सुरुवातीला लोक दाढीचं पातं वापरायचे. डिंकात पातं घालून चारी बाजूंनी कापत जायचं. मी स्वतः असा एक हॅसवेल प्रोसेसर घालवला आहे. तिसऱ्या बाजूला डिंक जरा घट्ट लागला, मी जोर लावला, पातं सटकन दोन मिलिमीटर जास्त आत गेलं आणि हिरव्या पट्टीतल्या केसाहून बारीक तारा कापल्या गेल्या. दिसायला फक्त एक पांढरी रेघ. पण तो पुन्हा सुरू झाला नाही. पट्टीत अनेक थरांत तारा असतात, त्या जोडता येत नाहीत. मालक ओळखीचा होता, त्याला मी दुसरा प्रोसेसर घेऊन दिला. पण त्याच्या मशीनवर त्याच्या मुलीचं प्रोजेक्ट अडकलं होतं, ते चार दिवस माझ्या मनातून गेलं नाही. त्या दिवसापासून पातं नाही म्हणजे नाही. दुसरी पद्धत होती शिकंज्यात झाकण पकडून लाकडाच्या ठोकळ्याने पट्टीला ठोका देण्याची. स्कायलेकपासून पट्टी आणखी पातळ झाली, तिच्यावर हा प्रयोग करूच नये.

यासाठी आता खास साचे मिळतात. जर्मनीतला ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग, ज्याला सगळे देर-बाउअर नावाने ओळखतात, त्याने असं साधन लोकप्रिय केलं. साच्यात प्रोसेसर ठेवायचा, पट्टी एका बाजूने धरलेली असते, स्क्रू फिरवला की दुसरी बाजू फक्त झाकणाला आडवी ढकलते. डिंक कापला न जाता घसरून सुटतो. हळूच "टक्" असा आवाज येतो. मित्राचा प्रोसेसर मी याच साच्यात उघडला. झाकण उचललं तर आत राखाडी पेस्ट, कडांना सुकलेली, मधे डायचा आयत उमटलेला.

त्यानंतरचा वेळ साफसफाईत जातो आणि तो जायलाच हवा. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. काळा डिंक प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने, पट्टीला न ओरबाडता, कणाकणाने काढायचा. जुनं सिम कार्ड आलेलं असतं ना, त्याची मोठी चौकट यासाठी उत्तम. डायशेजारी हिरव्या पट्टीवर छोटे उघडे ठिपके किंवा बारीक सुटे भाग दिसतात. त्यांच्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एक हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. कारण पुढे जे लावायचं आहे त्यातून वीज वाहते.

ते म्हणजे लिक्विड मेटल. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण, सुईच्या नळीत येतं. एकटं गॅलियम ३० अंशांच्या किंचित खाली वितळतं. मिश्रण त्याहून पुष्कळ खाली, ११ अंशांच्या आसपास. आपल्याकडे ते कायम पातळच असणार. दिसायला पारा. डायवर ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा थेंब टाकला की तो पाऱ्यासारखाच गोळा होऊन पळतो, चिकटत नाही. मग कापसाच्या काडीने त्याला दाबून, घासून पसरवत राहायचं. सुरुवातीला वाटतं, हे बसणारच नाही. मिनिटभर घासल्यावर एका ठिकाणी ते अचानक धरतं आणि मग आरशासारखं पसरत जातं.

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता चालवून पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. तांब्याच्या पातेल्याचा आतला भाग क्षणात चांदीसारखा. धातू धातूला आधी धरत नाही, मग एकदम धरतो, तो क्षण तिथे पाहिला होता. लिक्विड मेटल लावताना मला दर वेळी तेच आठवतं. कल्हईवाला नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो, आपण अल्कोहोलने. जिथे मळ राहिला तिथे तो धातूही धरत नाही आणि हाही.

थर इतका पातळ हवा की खालचं सिलिकॉन झाकलं जावं आणि वर थेंब उभा राहू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला, डाय टेकतो तेवढ्याच जागी, असाच थर. जास्तीचा माल सुईने परत ओढून घ्यायचा. सांडलेला एक थेंब मदरबोर्डवर गेला तर शॉर्ट होऊन मदरबोर्डच जाईल.

विकणारे याची वाहकता ७० च्या आसपास सांगतात. गॅलियमच्या अशा मिश्रणांची शास्त्रीय मोजमापं त्याहून बरीच कमी, २० ते ३० च्या घरात येतात. आपण २५ च धरू. जुन्याच ०.१ मिलिमीटर फटीत सुद्धा आता फरक येतो तीन अंशांचा. डिंक काढल्याने फट तिसऱ्या हिश्श्यावर आली, तर एक अंश. २० ची पायरी एकावर आली. इतका मोठा फायदा दुसऱ्या कोणत्याही एका कामात नाही, हे मी खात्रीने सांगतो.

झाकण परत बसवताना चार कोपऱ्यांवर सिलिकॉन डिंकाचा अगदी बारीक ठिपका पुरतो. काही जण तोही लावत नाहीत. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेची, सॉकेटची, पकड झाकणाला दाबून धरतेच. कंपनीच्या डिंकात एका जागी मुद्दाम फट सोडलेली असते, आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जायला. डिंक पूर्ण गोल फिरवून ती वाट बंद करू नका.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका: गॅलियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं वैर. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतं आणि तो धातू बिस्किटासारखा भुसभुशीत करून टाकतं. आत, निकेल चढवलेल्या तांब्याच्या झाकणाखाली, ते सुरक्षित आहे. पण उत्साहाच्या भरात झाकणाच्या वरही लिक्विड मेटल लावू नका. स्वस्त कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या थेट प्रोसेसरला टेकतात, आणि त्या नळ्यांच्या मधली जागा अ‍ॅल्युमिनियमची असते. उघड्या तांब्यातही गॅलियम हळूहळू मुरतं, डाग पडतो, थर कोरडा होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी परत लावावा लागतो.

आता सोल्डरवाल्यांबद्दल. ९९००के च्या पुढचे इंटेल आणि रायझन उघडायच्या भरीस सहसा पडू नये. इंडियम १५७ अंशांना वितळतं, तेवढं तापवून किंवा साच्यात पुढे-मागे हलवून ते थकवून सोडवावं लागतं. यात डायच तडकू शकतो. रायझन ७००० मध्ये, म्हणजे २०२२ पासून, झाकण बरंच जाड आहे, कारण जुन्या एएम-४ सॉकेटचे कूलर त्याच उंचीवर बसावेत अशी रचना ठेवली. तिथे झाकण कायमचं काढून कूलर थेट डायवर टेकवणारे लोक आहेत आणि त्यांना मोठा फरक मिळाल्याचं दिसलं आहे. पण त्यासाठी वेगळी चौकट लागते आणि आपण पुन्हा अ‍ॅथलॉनच्या काळात जातो: उघडा, ठिसूळ डाय आणि स्क्रू आवळणारा हात. कामाच्या, पोटापाण्याच्या मशीनवर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लॅपटॉपवाल्यांनी विचारण्याआधीच सांगतो: लॅपटॉपच्या प्रोसेसरला बहुधा झाकण नसतंच. तिथे काढण्यासारखं काही नाही. पंखा आणि जाळी साफ करा, पेस्ट बदला.

मित्राचं झाकण उघडायच्या आधी मी त्याला तीन गोष्टी करायला लावल्या, आणि खरं सांगायचं तर मराठवाड्यात बहुतेकांचं काम त्या तिघांतच भागतं. हिशेबाची पहिली ओळ पुन्हा पाहा: खोली ३६. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. सगळ्या पायऱ्या खोलीच्या तापमानावर उभ्या आहेत. परभणीत जानेवारीतल्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तीच मशीन तेव्हा न उघडता पंचवीस-तीस अंश कमी दाखवते. डीलिडिंगने जेवढं मिळतं त्याहून जास्त आपला हिवाळा फुकट देतो. म्हणून उन्हाळ्यात खोली हीच पहिली दुरुस्ती.

पहिलं काम जागेचं आणि साफसफाईचं. मित्राची मशीन डेझर्ट कूलरच्या थेट झोतात होती. त्याला वाटायचं, गार हवा लागते, बरंच आहे. हवा गार असते, हे खरं. पण ती ओली असते. काळ्या मातीची बारीक धूळ, मानवतच्या जिनिंगमधून उडणारा कापसाचा तंतू आणि हा ओलावा मिळून प्रोसेसरच्या कूलरच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. कोरडी धूळ ब्लोअरने उडते. ही उडत नाही. आम्ही पंखे काढले तेव्हा पत्र्यांच्या तोंडाशी अख्खी चादर निघाली, बोटाने धरून ओढता येईल अशी. मशीन झोताच्या बाजूला, जमिनीपासून दोन फूट वर ठेवली.

दुसरं काम अंडरव्होल्टिंगचं, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याचं. व्होल्टेजचा वर्ग आपल्याला तापवतो, तसा तो उलट्या दिशेने निववतोही. बहुतेक मदरबोर्ड स्वतःहून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. १.३० चं १.२० केलं आणि वेग तोच ठेवला तर उष्णता १५ टक्क्यांनी उतरते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, एक आकडा थोडाथोडा कमी करत जायचा, दर वेळी तासभर रेंडर लावून पाहायचं, मशीन अडखळली की एक पायरी मागे. पैसे लागत नाहीत, नको वाटलं तर परत फिरता येतं. झाकण उघडल्यावर परत फिरता येत नाही आणि वॉरंटी त्याच क्षणी संपते. त्याच्या चिपने १.२२ पर्यंत साथ दिली.

तिसरी गोष्ट आजीने सांगितली. त्यांच्या घरात पत्र्याच्या दोन खोल्यांशेजारी जुनी माळवदाची खोली आहे. सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर, भिंती दीड-दोन फुटी. उन्हाळ्यात घरातली माणसं दुपारी तिथेच टेकतात. आम्ही स्क्रू मोजत बसलेलो पाहून आजी म्हणाली, "आरं, इतकं तापायलंय तर ते डबडं माळवदात न्या की." मातीचा जाड थर दिवसाची उष्णता शोषत राहतो आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होते, पत्रा ती त्याच क्षणी खाली देतो. थर्मामीटर लावला. पत्र्याखाली ३६, तेही डेझर्ट कूलर चालू असताना. माळवदात डेझर्ट कूलरशिवाय ३१.

या तिन्हींनंतर रेंडरचं तापमान ८६ वर आलं आणि वेग पडायचा थांबला. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण त्याला सगळ्या सहा कोअर ५ गिगाहर्ट्झवर न्यायच्या होत्या, प्रोसेसर वॉरंटीबाहेर होता आणि गेला तर झेपेल अशी तयारी त्याने केली होती. या तीन गोष्टी जुळल्या तरच मी साचा बाहेर काढतो.

संध्याकाळी झाकण बसवून, कूलर आवळून मशीन सुरू केली. पहिली दहा सेकंदं स्क्रीन काळी असते, तेवढा वेळ दोघंही बोललो नाही. मग बायोस आलं, तापमान ३४. रात्री ५ गिगाहर्ट्झवर एका लग्नाचं तीन तासांचं फुटेज लावलं आणि अंगणात जेवायला बसलो. मधेच उठून तो आत जाऊन आला. "किती?" मी विचारलं. "एकोणऐंशी," तो म्हणाला, "आन् कूलर आता हाताला चांगला गरम लागायलाय."